सायकलवरून उतरायची जागा

सासुरवाडीच्या गावात माणसाने नोकरी करू नये. केलीच तर पाणीपुरवठ्यात करावी. नळाला पाणी आलं नाही की लोक निम्म्या शिव्या तरी आकाशाला घालतात. मी नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात होतो आणि माझ्या टेबलावर जी फाईल येऊन पडली तिचा आकाशाशी काही संबंध नव्हता. फाईलवर लिहिलं होतं, ‘पादचारी व सायकलस्वार सुरक्षा कार्यक्रम’.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. आमचं तालुक्याचं गाव, एक मुख्य रस्ता, त्यावर सगळा बाजार. वरून पत्र आलं की पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी काहीतरी करा. ही फाईल माझ्याआधी तिघांकडे जाऊन आली होती. एकाला रक्तदाब होता. दुसऱ्याचे गुडघे दुखत होते. तिसरा सरळ म्हणाला, “ज्याले या गावात मरेपर्यंत राहाचं हाये त्यानं हे काम घेऊ नये.” मग मुख्याधिकारी साहेबांना मी आठवलो. साहेब परजिल्ह्यातले. त्यांनी हिशेब केला की हा माणूस गावचा जावई आहे आणि जावयाला कोणी शिवी देत नाही.

ते खरंच होतं. जावयाला आमच्याकडे शिवी देत नाहीत. खुर्ची देतात, चहा देतात, ‘जवाईबापू, बसा’ म्हणतात आणि मग जे बोलतात ते शिवीपेक्षा जास्त लागतं, कारण उलटून बोलायची सोय नसते. माझी बायको बाजारातल्या घरची, त्यामुळे कापडवाला, किराणावाला, भांडेवाला, सगळी ओळ मला सासऱ्याच्या जागी. आणि माझे खरे सासरे, ज्यांना मी मामाजी म्हणतो, त्यांचं लोखंडी सामानाचं दुकान त्या ओळीच्या बरोब्बर मधोमध.

दुकान म्हणजे आतली जागा रिकामी आणि बाहेर सगळा माल. बादल्या, घमेली, फावड्याचे दांडे, काटेरी तारेची वेटोळी, आणि डोळ्याच्या उंचीला पुढे आलेले प्लास्टिकचे पाईप. त्या मालाच्या पुढे मामाजींची खुर्ची. सकाळी नऊला मामाजी तिथे बसायचे आणि शेजारच्या बाकड्यावर त्यांच्याच वयाचे तिघं.

मला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला नागपूरला पाठवलं. तिथे भिंतीवर चित्रं दाखवली. चित्रांतल्या रस्त्यावर माणसं एका पट्ट्यातून चालत होती, सायकली दुसऱ्या पट्ट्यातून, आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मी एक पिशवी, एक पेन आणि फार मोठा आत्मविश्वास घेऊन परत आलो. आल्याबरोबर पत्रक छापलं. नऊ नियम. त्यातला चौथा मी स्वतः रचलेला, आणि मला त्याचा अभिमान होता: ‘गर्दीच्या ठिकाणी सायकलवरून उतरून, सायकल हातात धरून चालावे.’ ते पत्रक मी शाळाशाळांतून वाचून दाखवलं. पोरींनी टाळ्या वाजवल्या. त्या कशालाही वाजवतात.

माझी बायको मुलींच्या शाळेत शिक्षिका. शाळा गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, कापसाच्या जिनिंगच्या पुढे, आर्वीच्या रस्त्यावर. आमच्या घरापासून तीन किलोमीटर, आणि वाट एकच, बाजारातून. गावात तेव्हा ऑटो नव्हते. ती सायकलने जायची. वडिलांच्या दुकानाअलीकडे एक पानठेला होता, तिथे उतरायची. पदर खांद्यावरून घ्यायची, सायकल हातात धरून बाकड्यासमोरून चालत जायची आणि पुढे पिठाच्या गिरणीजवळ परत बसायची. बापासमोरून पोरगी सायकलवर बसून जात नाही. हा नियम कुठल्याही पत्रकात नव्हता, म्हणून सगळ्या पाळायच्या. दवाखान्यातली नर्स तिथेच उतरायची, कॉलेजच्या पोरी तिथेच उतरायच्या. प्रत्येकीचा कोणी ना कोणी काका त्या ओळीत बसलेला असायचाच.

आता बघा. रस्त्याच्या कडेला माल. मालाच्या पुढे म्हातारे. म्हाताऱ्यांच्या पुढे बाई, बाईच्या बाजूला तिच्या हातातली सायकल. आणि त्याच्यापुढे जी जागा उरेल ती एसटीची, ट्रकची आणि हंगामात जिनिंगला जाणाऱ्या कापसाच्या ट्रॉल्यांची. ट्रॉलीत कापूस इतका दाबलेला असतो की ती दोन्ही बाजूंनी फुगते. चालवणाऱ्याला मागचं काही म्हणता काही दिसत नाही.

त्या हिवाळ्यात एका ट्रॉलीला बायकोच्या सायकलचं हँडल अडकलं. सायकल ओढली गेली, सायकलबरोबर ती, आणि दोघी मामाजींच्या घमेल्यांवर जाऊन पडल्या. मामाजी स्वतः उठले आणि त्यांनीच तिला उचललं. मनगट मोडलं होतं. मी त्या वेळी कुठे होतो? कार्यालयात, मासिक तक्ता भरत. तक्त्यात अपघाताचे दोन रकाने होते, ‘पादचारी’ आणि ‘सायकलस्वार’. दुपारी बायकोचं प्लास्टर झाल्यावर मी परत येऊन पेन उचललं तर कळेना की हिला कुठल्या रकान्यात टाकू. ती चालत तर होती, पण सायकल होती. सायकल होती, पण ती सायकलवर नव्हती. साहेब म्हणाले, “इतर लिहा.” लग्नाच्या बायकोला मी सरकारी कागदावर ‘इतर’ लिहिलं. हे तिला कोणी सांगितलं मला माहीत नाही, पण सांगितलं.

मामाजींनी त्याच संध्याकाळी निकाल दिला. “सायकल बंद. शाळेची बदली मागून घे.”

“बाबा, आमच्या संस्थेची शाळाच एक हाये. बदली कुठं करतीन ते?”

“मंग घरी बस. जवाईबापूले पगार नाई का?”

म्हणजे प्रश्न सायकलचा नव्हता. सायकल गेली की नोकरी गेली. प्लास्टर होतं तोवर बायको तीन किलोमीटर पायी गेली आणि पायी आली. घरी येऊन ती पाय पाण्यात घालून बसायची आणि मला विचारायची, “तुमचा तो कार्यक्रम नेमका कोनासाठी हाये?”

मी म्हटलं, रस्ता मोकळा करून देतो. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडेपर्यंत. असं मी म्हटलं, हे मला आजही ऐकवलं जातं.

एका रविवारी पहाटेच दोन कामगार, एक दोरी आणि पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन आम्ही बाजारात गेलो. नालीपासून तीन फूट मोजून सगळ्या रस्त्याला सरळ पांढरी रेघ मारली. रेघेच्या आत चालणारे, बाहेर गाड्या. नागपूरच्या चित्रासारखं. मला इतका आनंद झाला होता की मी कामगारांना दोनदा चहा पाजला.

सोमवारी सकाळी बाजारात आलो तर सगळी दुकानं रेघेपर्यंत आलेली.

तोवर कसं होतं की प्रत्येकजण आपापल्या लाजेप्रमाणे बाहेर यायचा. कोणी दोन फूट, कोणी एक. जोडे शिवणारा बिचारा तर दाराच्या आतच बसायचा. आता पालिकेनेच मोजून दिलं म्हटल्यावर लाज कसली? जोडेवालासुद्धा ऐरण उचलून रेघेवर आला. मामाजींनी खुर्चीचे पुढचे दोन पाय नेमके रंगावर ठेवले होते. मला बघून ते लग्नानंतर पहिल्यांदाच मनापासून हसले.

“जवाईबापू, काम पक्कं केलं. आता कोनी कोनाले बोलू शकत नाई.”

तेवढ्यात कापडवाले धावत आले. त्यांच्या दुकानापुढे विजेचा खांब होता, म्हणून तिथे रेघ थोडी आत वळली होती. “मले दीडच फूट काऊन? मी तुमचा सख्खा सासरा नाई म्हनून?”

मी समजावून सांगितलं की ही जागा दुकानांची नाही, चालणाऱ्यांची आहे. मग बाकड्यावरचे एक आजोबा म्हणाले, “नागपूरले जाच्या आधी बरे होते जवाईबापू. जाऊन आले अन् बिघडले.”

तिथून पुढे गावाने मला जे दाखवलं त्याला मी दुसरं नाव देत नाही, वैरच होतं ते, फक्त चहाच्या कपातून दिलेलं. पंधरा दुकानदारांचं शिष्टमंडळ साहेबांकडे गेलं. नावानिशी तक्रार केली आणि तक्रारीतही मला ‘आमचे जावई’ म्हटलं. न्हावी मला बसवून ठेवायचा आणि माझ्यामागून आलेल्या चार जणांची दाढी करायचा, वर म्हणायचा, “तुमचं निवांत करू, घरचेच हाये तुमी.” माझं नाव ‘रेघवाले’ पडलं. एकदा माझ्या सायकलच्या सीटवर कोणीतरी खडूने सरळ रेघ मारून ठेवली. तेवढा एक विनोद मला आवडला, पण हसलो असतो तर हरलो असतो.

मग मी तो मूर्खपणा केला. जप्ती करायची तर सुरुवात मामाजींपासून करायची, म्हणजे कोणी म्हणणार नाही की जावयाने सासऱ्याला सोडलं. फार न्यायी वाटत होतं मनाला. ट्रॅक्टर नेला, माणसं नेली. मामाजी खुर्चीवरून उठले, हात जोडले, आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

“घ्या जवाईबापू. पोरगी देल्ली, आता बादल्या घ्या.”

बाजार हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. माझे कामगार पण थबकले. मीच एक बादली उचलून ट्रॅक्टरमध्ये ठेवली, आणि ठेवताना ती इतकी वाजली की अजून वाजते.

संध्याकाळपर्यंत त्या मोकळ्या जागेत दोन्ही बाजूंचे शेजारी पसरले. तिसऱ्या दिवशी साहेबांना कुणाचा तरी फोन आला आणि माल परत द्यायचा हुकूम निघाला. तोच ट्रॅक्टर, तीच माणसं, तोच मी. दुकानासमोर ट्रॅक्टर थांबला तेव्हा मामाजींनी घरातून ताट मागवलं आणि ट्रॅक्टरच्या तोंडाला हळदकुंकू लावलं. नारळ फोडला. प्रसाद मला पहिला दिला.

त्या वर्षी अधिक महिना उन्हाळ्यात आला. अधिकात जावयाला जेवायला बोलावतात, अनारसे देतात, पाय धुतात. आमंत्रण येणार नाही असं मला वाटत होतं. आलं. मामाजी मानापानात चुकणारे नव्हते. आम्ही चार जावई पाटांवर ओळीने बसलो. तिघांचे पाय मेव्हण्याने धुतले. माझे धुवायला मामाजी स्वतः आले. पाणी जरा जास्तच गरम होतं.

“या पायाले चालनाऱ्याची लय काळजी हाये,” ते पाय पुसता पुसता म्हणाले, “नीट धुवा लागते.”

मी अनारशांचं ताट मांडीवर घेऊन ‘असू द्या, असू द्या’ म्हणत राहिलो. मग ते उभे राहिले आणि वाढायला आलेल्या माझ्या बायकोकडे वळले.

“बाई, शाळा खुलाच्या आधी ते सायकल इथं आनून ठेवजो. तुह्या लहान बहिनीले देऊ.”

बायकोने भाताचं पातेलं खाली ठेवलं. “बाबा, तुमी माल मांगं घेता का?”

“मी मांगं घेतला तं शेजारी म्होरं येते. तुह्या नवऱ्यानं पाह्यलं नाई का?”

हे खोटं नव्हतं. मी मान डोलावली, आणि बायकोने मला डोलावताना बघितलं.

“मंग माल राहू द्या तिथंच,” ती म्हणाली. “मी उतरत नाई.”

“काय?”

“सायकलवरून उतरत नाई. बसून गेलं तं एका मानसाची जागा लागते. उतरून हातात धरली तं दोघाची. मले ट्रॉलीनं पाडलं नाई बाबा. उतरल्यानं पाडलं.”

“माह्यासमोरून? बसून?”

“तुमच्यासमोरून. उतरली तं हात मोडते, नाई उतरली तं मान मोडते तुमचा. अन् घरी बसली तं मी मोडते. आता सांगा कोनतं मोडू.”

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि तिथूनच परत गेल्या. बायको माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता ही माझी बाजू घेणार.

“अन् तुमी. तो चवथा नियम कोनं लिवला? बाबाचा मान अन् तुमचा कागद, दोघं मिळून मले घमेल्यात पाडलं. तीन दिवस नागपूरले जाऊन तुमाले हे नाई समजलं का, आपली बायको कुठं उतरते?”

बाकीचे तीन जावई खाली बघून जेवत होते. एवढ्या एकचित्ताने जेवताना मी त्यांना पुन्हा कधी बघितलं नाही.

मामाजी म्हणाले, “बसून गेलीस तं या घराची पायरी चढू नको.”

“बरं,” ती म्हणाली, आणि भात वाढला. सगळ्यांना, त्यांनाही.

शाळा उघडली त्या दिवशी ती घरून निघाली. मी तिच्यामागे वीसेक पावलांवर माझ्या सायकलवर. कार्यक्रमाचा प्रमुख म्हणून म्हणा, नवरा म्हणून म्हणा, मी ठरवलं होतं की आज तिच्यासोबत बसून जायचं, काय व्हायचं ते होवो. पानठेला आला. ती उतरली नाही. पाठ सरळ, नजर समोर, दोन्ही हात हँडलवर, घंटीसुद्धा वाजवली नाही. आणि माझा पाय? माझा पाय मला न विचारता सीटवरून फिरला आणि मी उतरलो. सवयच होती हो, सासऱ्यासमोर उतरायची. पंधरा वर्षांची. सगळा बाजार बघत होता की बाई बसून पुढे निघाली आणि तिचा नवरा सायकल हातात धरून पदर नसलेल्या सुनेसारखा मागून चालला आहे.

“पोरीले वळन नाई,” बाकड्यावरून आवाज आला.

“अन् याले लय हाये,” दुसरा.

पुढचे दोन दिवस असेच गेले. तिला टोमणे, मला हसू. शाळेत मुख्याध्यापिका बाईंनीही बोलावून घेतलं, म्हणाल्या, “गावात चर्चा हून राह्यली.” बायको म्हणाली, “होऊ द्या, मी वेळेवर येऊन राह्यली ना?”

चौथ्या दिवशी सव्वादहाच्या सुमाराला मामाजी उठले, खुर्ची उचलली, दुकानाकडे तोंड करून ठेवली आणि रस्त्याकडे पाठ करून बसले. बायको गेली. ती गिरणीच्या पुढे गेल्यावर त्यांनी खुर्ची परत फिरवली. पाचव्या दिवशी तसंच. मग रोज. आत दुकानात बघण्यासारखं काही नव्हतं, रिकामी फळी होती. त्या फळीकडेच बघत बसायचे.

बाजारात याचे दोन अर्थ लागले. अर्धे म्हणाले, बापाने पोरीचं तोंड बघणं बंद केलं. अर्धे म्हणाले, न बघितल्यासारखं करतो, म्हणजे मानही राहतो आणि पोरगीही जाते. बाकड्यावरच्या तिघांची मात्र पंचाईत झाली, कारण बाकडं फिरत नाही. ते त्या वेळी एकच वर्तमानपत्र तिघांत उघडून तोंडासमोर धरायला लागले. आणि एकदा कोणी बघतच नाही म्हटल्यावर उतरायचं कोणासाठी? आधी दवाखान्यातली नर्स बसून गेली. मग कॉलेजच्या पोरी. महिन्याभरात अशी गत झाली की सव्वादहाला घराघरातून सायकली निघायच्या आणि त्या दहा मिनिटांत ओळीने, न उतरता, तो बाजार पार करायच्या. बाकीच्या वेळी जैसे थे.

मी अहवालात हे लिहायला बसलो. ‘उपाययोजना’ या रकान्यात काय लिहू? एक म्हातारा रोज खुर्ची फिरवतो, असं? मी ‘पांढरी रेघ मारली’ असं लिहिलं. ती रेघ अजून आहे. मालाखाली असल्यामुळे तिला ऊन लागलं नाही, पाऊस लागला नाही. चौथा नियम तेवढा पुढच्या पत्रकातून काढला. आठच नियम राहिले. कोणाच्या लक्षात आलं नाही.

बायकोची नोकरी राहिली. माहेर राहिलं नाही. ती त्या घराची पायरी तीन वर्षं चढली नाही. सासूबाई मंगळवारी देवीच्या देवळात यायच्या, तिथे दोघी बसायच्या. दिवाळी गेली, अधिक महिनाही पुन्हा आला. मला आमंत्रण आलं, तिला नाही. मी गेलो नाही, तर ‘जवाई मान ठेवत नाई’ म्हणून गाव नव्याने चिडलं. गावाला माझ्यावर चिडायला नवीन कारण मिळालं की बरं वाटायचं, जुनं जुनं तरी किती दिवस चघळणार.

मला मात्र तो दुसरा अर्थ पटला होता, न बघितल्यासारखं करण्याचा. मला वाटायचं, म्हाताऱ्याने वाट काढली, फक्त सांगत नाही. कोणीतरी विचारायला हवं, आणि मध्यस्थाला आपल्याकडे मान असतो असा माझा समज. एका सकाळी मी नेहमीप्रमाणे उतरून सायकल हातात धरून चाललो होतो. बायको नुकतीच पुढे गेली होती आणि खुर्ची अजून दुकानाकडेच होती. मी त्या पाठीमागे थांबलो आणि हळूच म्हटलं,

“मामाजी, तुमी तिच्यासाठीच पाठ फिरवून बसता ना?”

ते वळले नाहीत. फळीकडे बघतच म्हणाले, “तिच्यासाठी? मले तिचं तोंड पाहाचं नाई, म्हनून बसतो.” आणि वर, “तुमचंई पाहाचं नाई. पन तुमी उतरता. उतरलेल्या मानसाकडं पाहा लागते.”

आणि त्यांनी खुर्ची फिरवली. बाकड्यावरचं वर्तमानपत्र खाली आलं. चौघंही माझ्याकडे बघत राहिले. मी नमस्कार केला, सायकल हातात धरून गिरणीपर्यंत चालत गेलो आणि तिथे परत सीटवर बसलो. ती तोवर शाळेत पोचली असेल.